उसनी मम्मी

आर्वीच्या बाहेर नाल्याकाठी विवेकचं वावर आणि वावरातच घर. सकाळी बाजारासाठी पालकाच्या जुड्या बांधणं चाललं होतं. पंचफुलाबाई मान खाली घालून बांधत होत्या. त्यांची सून काजल बांधता बांधता भिंतीवरचा इंग्रजी तक्ता वाचत होती.

"ब्रीड," ती म्हणाली.

"ब्रेड," विवेक दात घासता घासता म्हणाला. "पाव असते तो. दुकानात भेटते."

"आन हे खालचं? ब्येड?"

"बीड. मणी."

"दोन्हीत ई-ए हाये ना?"

"हाव."

"मंग एक ब्रेड आन एक बीड काऊन?"

विवेकनं चूळ भरली आणि थुंकली. "इंग्रजी आहे ते," तो म्हणाला.

इंग्रजीत स्वरांची अक्षरं पाच. हे पाच जण मिळून वीसेक आवाजांचं काम उरकतात, आणि कोण कुठं कसा आवाज काढेल हे आधी कळवत नाहीत. काजल मराठी शाळेत बारावी शिकलेली. तिथं अक्षर एकदा शिकवलं की ते दिलेल्या शब्दाला जागत असे.

प्रश्न विवेक-काजलच्या पाच वर्षांच्या लेकीचा, नयनचा होता. गावातल्या इंग्रजी शाळेत प्रवेशासाठी लहान मुलांची परीक्षा घेत नसत. एवढ्याशा जीवावर ताण देणं बरोबर नाही, असं शाळेचं मत होतं. परीक्षा आईची घेत. आईनं साहेबी उच्चारात तक्ता वाचून दाखवायचा. त्यामुळे गावात हळूहळू एक रीत पडली. ज्या घरातल्या आईला वाचता येत नाही, त्या घरानं वाचणारी आई आणायची, वरातीला घोडी आणतात तशी. कुणाला यात काही वावगं वाटत नव्हतं. वावगं वाटायचं ते आईच्या उच्चारांचं.

विवेकची चुलत बहीण वर्षाली नागपूरला इंग्रजीतून शिकली होती. तिचं लग्न अजून ठरायचं होतं. त्या शाळेत मात्र तिची बरीच मुलं शिकत होती.

तालीम घरीच झाली.

"नयन, हे कोण?" विवेकनं वर्षालीकडे बोट केलं.

"आत्या."

"आत्या नाई वं! मम्मी. आन हे?"

नयननं काजलकडे पाहिलं. मग बापाच्या हातातल्या गोळीकडे पाहिलं. "काकू."

"शाब्बास!"

"एका दिवसाचं तं आहे," पंचफुलाबाई सुनेला म्हणाल्या. "पोट्टीच्या जन्माचं भलं होते. मी तं नातीसाठी शेजारीण व्हाले तयार आहो. मले कोणी विचारत नाई."

काजल हसली. पोरीच्या आड आपली जीभ यावी असं तिलाही वाटत नव्हतं. पोर हुशार, लवकर शिकली. दुसऱ्या दिवशी खेळता खेळता म्हणाली, "काकू, पाणी दे." सगळे पोट धरून हसले. काजलनं पाणी दिलं.

मुलाखतीच्या दिवशी काजल 'काकू' म्हणून व्हरांड्यातल्या बाकावर बसली. दार उघडंच होतं. आत विवेक-नयनसोबत बसलेल्या वर्षालीनं तक्ता असा वाचला की खुद्द मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढला.

"तुम्ही मागच्या वर्षीही आला होता ना?"

"हो मॅडम. ते दुसरं मूल होतं."

"आणि त्याच्या आधी?"

"तेही वेगळं."

"छान," बाई म्हणाल्या. "उच्चार टिकवलेत." मग त्या नयनकडे वळल्या. "बेटा, ही कोण?"

"मम्मी."

"आणि ती बाहेरची?"

"काकू."

"काकू काय करते घरी?"

"मले जेवू घालते. वेणी घालते. ताप आला का मांडीवर घेऊन बसते."

"अरे वा! मग मम्मी काय करते?"

हे शिकवलेलं नव्हतं. नयननं खरं ते सांगितलं.

"मम्मी इंग्रजी वाचते."

"व्हेरी गुड," बाई म्हणाल्या. "प्रवेश पक्का."

काजल आत येऊन उभी राहिली. "मॅडम, मी काकू नाई. मी तिची माय आहो."

"काजल!" विवेक पुटपुटला. "झालं ना आता. चूप बस वं."

बाई दचकल्या वगैरे नाहीत. "माहीत आहे हो मला. सगळ्यांचंच माहीत असतं. बसा बाहेर, काम झालंय."

काजल बाहेर गेली नाही. खोटं उघडं पडेल, या भीतीनं तिला रात्रभर झोप नव्हती. इथं तर खरं सांगूनही कुणाचं काही बिघडत नव्हतं.

"मले वाचू द्या," ती म्हणाली. "माह्या लेकराचं मी वाचतो."

तिनं बोट ठेवून सावकाश वाचलं. पहिले दोन शब्द बरोबर आले. पुढं ग्रेटचं ग्रीट झालं, हेडचं हीड झालं. वर्षाली जमिनीकडे पाहत होती.

"अशा वाचनावर मला प्रवेश देता येणार नाही," बाई म्हणाल्या. "यांच्या वाचनावर देते. हट्ट सोडा."

"तिच्या वाचनावर मले नोका देऊ. पोट्टी शिकन. कुठंबी शिकन. पण मले काकू म्हणून नाई शिकणार."

नयनचा चेहरा पडला होता. "माह्यं चुकलं का?"

"नाई, माय," काजल म्हणाली आणि तिला कडेवर घेऊन बाहेर आली. विवेक आतच राहिला, बाईंची माफी मागत.

व्हरांड्यात पुढचं घर बसलं होतं. बाप, नटलेली मुलगी, आणि बाकाच्या पार टोकाला, चुकूनही आई वाटू नये इतकी सरकून, एक बाई. वर्षाली दारात दिसताच बाप उठला. "ताई, मोकळ्या झाल्या का? आता आमचं हाये."

काजलनं बाकाच्या टोकाकडे पाहिलं. "हे पोट्टी तुह्यी का वं?"

"नाई हो," बाप घाईनं म्हणाला. "काकू आहे ते तिची."

"म्या तिले विचारलं," काजल म्हणाली, आणि नयनला मांडीवर घेऊन त्या बाईशेजारी बसली.