ओट्यावरची एस्तेर

आमचा संगणक चालू केला की डेस्कटॉप येण्याआधी पडद्यावर एक घर दिसत असे. कौलारू घर, मागे डोंगर. दार उघडे, एस्तेर बाहेर येई, ओट्यावर पाणी शिंपडे आणि शेळीकडे वळे. तेवढ्यात पासवर्डची चौकट येई. एस्तेर ही माझी पत्नी. आमच्या मुलीने, दीपमालाने, ही चित्रे माऊसने एकेक करून काढली आणि लिनक्स या संगणकप्रणालीच्या सुरुवातीच्या पडद्यावर बसवली. नाक फारच मोठे झाले, अशी एस्तेरची तक्रार होती. "नाक तुझंच आहे आई, मी फक्त मोजून काढलं," असे दीपमाला म्हणाली होती.

सिकलसेलने दीपमाला गेली, त्याला आता दुसरे वर्ष. चित्रांची वेगळी प्रत तिने ठेवली नव्हती. मीही कधी काढली नाही, कारण ती रोज दिसत होती. सकाळची प्रार्थना झाली की एस्तेर स्वयंपाकघरातली खुर्ची आणून संगणकासमोर ठेवी, मी बटण दाबी, आणि शेळी दिसून गेली की ती उठे. याविषयी आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही.

एका सकाळी घराच्या जागी जांभळे-हिरवे आडवे पट्टे आले. एस्तेर पासवर्डची चौकट येईपर्यंत बसून राहिली. किरकोळ बिघाड आहे, दुरुस्त होईल, असे मी तिला सांगितले.

मी तंत्रनिकेतनातून विद्युत शाखेची पदविका घेतली आणि नोकरीभर साखर कारखान्यातले पॅनेल सांभाळले. बिघाड बाहेरून आत शोधत जायचा आणि हत्यार उचलण्याआधी टेबल साफ करायचे, ही माझी पद्धत. दीपमाला त्यावरून चिडवत असे, "घराला आग लागली तरी बाबा आधी झाडू मारतील."

त्याच क्रमाने मी निघालो. केबल बदलून पाहिली, शेजाऱ्यांचा मॉनिटर आणून जोडला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला. पट्टे तसेच. मग सुरुवातीचा पडदा नव्याने बांधण्याची आज्ञा दिली, तर बूटच्या विभागात, म्हणजे संगणक सुरू होताना लागणाऱ्या फाइली असतात तिथे, जागा उरलेली नाही, असा संदेश आला. तिथे प्रत्येक अपडेटबरोबर आलेले जुने कर्नल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या मागच्या आवृत्त्या, साठले होते. वापर कशाचाच नव्हता. मी ते सगळे काढून टाकले. मोकळ्या झालेल्या जागेत नवी बांधणी विनातक्रार पार पडली. संगणक पुन्हा चालू केला आणि तेच पट्टे आले.

चित्रांच्या मूळ फाइली मी त्यानंतर उघडल्या, कारण माझ्या क्रमात त्या शेवटी होत्या. फाइलीच खराब झाल्या होत्या. काही दिवसांपूर्वी अपडेट चालू असताना वीज गेली होती, ते तेव्हा आठवले.

संगणक पिशवीत घालून मी खांडबाऱ्याला गेलो. स्टेशनजवळ लखनचे दुरुस्तीचे दुकान आहे. त्याने माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले,

"काका, जुना कर्नल ठेवेल शे ना?"

मी नाही म्हणालो. लखनने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. प्रत्येक कर्नल आपल्या गाठोड्यात सुरुवातीच्या चित्रांची नक्कल बांधून ठेवतो, हे त्याने मला सांगितले. फाइली बिघडण्याआधी जी गाठोडी बांधली गेली, त्यांत चित्रे शाबूत असणार होती. पुसलेले परत आणण्याचा प्रयत्न त्याने संध्याकाळपर्यंत केला. माझे जुने हिशेब निघाले, चर्चच्या गाण्यांचे कागद निघाले. गाठोड्यांच्या जागेवर मात्र मी केलेली नवी बांधणी लिहिली गेली होती. लखनने पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन मी एस्तेरला सारे क्रमाने सांगितले. ती तांदूळ निवडत होती. सुपातला हात थांबला.

"म्हणजे तुम्ही साफसफाई केली तोपर्यंत ते आत होतं?"

"होतं."

"आणि आपण पट्टे बघत बसलो होतो."

ते कसे दिसले असते, असे तिने विचारले. चालू करताना एक बटण दाबून धरायचे, यादी येते, खालचा जुना कर्नल निवडून एंटर दाबायचे, असे मी सांगितले.

"एवढंच?"

"एवढंच."

ती पुन्हा तांदूळ निवडू लागली.

पट्टे बंद करायला एक आज्ञा पुरते. ती मी दिलेली नाही. पट्ट्यांच्या खाली डाव्या कोपऱ्यात एक तपकिरी ठिपका दिसतो. शेळीचा पाय तिथेच असायचा. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी एस्तेरला तो पाहायला बोलावले. ती आली आणि दारातच उभी राहिली. मी बोट ठेवून जागा दाखवली. तिने पुष्कळ वेळ निरखून पाहिले.

"मला नाही ओळखू येत," ती म्हणाली आणि शेळी सोडायला गेली. खुर्ची स्वयंपाकघरातच होती.