टोप्या आणि आंबट कुमीस

"आणखी एकीचं कुमीस फसलं!" चोलपोनने पडद्यावरून नजर न हटवता सांगितलं.

रिस्कुल हसत सुटला. "म्हणजे तिनेही भांडं शेगडीजवळ ठेवलं."

नारिन शहरातल्या एका छोट्या कचेरीतून ही दोघं गावकऱ्यांसाठी गप्पांची एक साइट चालवत. घोडीचं दूध आंबवून कुमीस करताना ते फार आंबट होऊ नये म्हणून काय करावं, असं कुणीतरी तिथे विचारलं होतं. सगळ्यांत वर उत्तर झळकत होतं ते इशेनाली आजोबांचं, म्हणजे चोलपोनच्या आजेसासऱ्यांचं: शेगडीजवळ ठेवा. त्याखाली पसंतीच्या अंगठ्यांचा ढीग. कुरणावर राहणाऱ्या बेरमेत नावाच्या एका तरुण सुनेने लिहिलं होतं, सावलीत ठेवा आणि घुसळत राहा. ते पार तळाशी.

कुमीस फसलेल्या बाईला चोलपोनने फोन लावला. "ताई, बिघडलं तरी अंगठा दिलात?"

"अगं, एवढा थोर माणूस बोलतोय, आणि मी अंगठा द्यायचा नाही? माझी सासू घरात घेईल का मला?"

चोलपोनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लोक एकाच अंगठ्याने दोन वेगळ्या गोष्टी सांगत होते. तिने अंगठा काढून दोन बटणं केली. एकावर टोपीचं चित्र, ते मानाचं. दुसऱ्यावर 'करून पाहिलं, जमलं'. उत्तरांचा क्रम दुसऱ्यावरून लागणार.

"आजोबा तळाला जातील," रिस्कुल म्हणाला. "रविवारी कुठल्या तोंडानं त्यांच्या घरी जेवायला जाणार?"

तिचा हात थबकला. ज्या घरात तिला लेकीसारखं वागवलं, तिथल्याच म्हाताऱ्याचा चारचौघांत पाणउतारा! पण कुरणाकुरणांवर दूध वाया जात होतं. तिने डोळे मिटून बटणं सुरू केली.

रविवारी सगळ्यांची जेवणं झाली. मग आजोबा म्हणाले, "सूनबाई, टोप्या किती मिळाल्या मला?"

"खूप, आजोबा. सगळ्यांत जास्त."

"आणि जमलं कुणाला?"

चोलपोनने मान खाली घातली. "कुणालाच नाही."

तेवढ्यात बात्मा आजी फिस्सकन हसल्या. "जमेल कसं? लग्न झाल्यापासून तुमचं ते कुमीस मी गुपचूप ओतून देतेय. तुम्ही पिता ते माझं. सावलीतलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही थोर!"

आधी आजोबांचे खांदे हलले, मग दाढी, मग अख्खा म्हातारा गदगदून हसू लागला. डोळे पुसत म्हणाले, "ती कुरणावरची पोर काय म्हणते, वाच बघू."

पुढच्या रविवारी चोलपोन आली तेव्हा आजोबा झाडाखाली बसून घामाघूम होईतो घुसळत होते. नातवंडं भोवती खिदळत होती. एक घोट चाखून त्यांनी बोट कोटाला पुसलं. "कुठे दाबायचं गं?"

तिने फोन पुढे धरला. त्यांनी बेरमेतच्या उत्तराखाली 'जमलं' दाबलं. थोडं थांबून टोपीही दाबली.

मग कुमीस वाढायला घेतलं. पहिला वाडगा घरातल्या सर्वांत थोराचा, म्हणून चोलपोनने तो आजोबांसमोर धरला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि बात्मा आजींच्या पुढ्यात ठेवला.