मधला मोती

पॅरिसमधला तो एकसष्ट मोत्यांचा हार आता जगभर नावाजलाय. तो कोणाकोणाच्या गळ्यात मिरवला ते पुस्तकांत छापून येतं: राण्या, सरदारणी, एका कारखानदाराची तिसरी बायकोसुद्धा. बहरीनमधल्या मुहर्रक गावच्या सबिकाचं नाव कुठेच नाही. गळ्यांचा हिशेब ठेवणाऱ्यांना हात कुठले आठवायला!

मधला मोती समुद्रातून निघाला तेव्हा बोराएवढा होता आणि त्याच्या पोटावर तपकिरी डाग होता. मोत्याला कांद्यासारखे पापुद्रे असतात. डाग वरवरचा असला तर सोलून निघतो आणि आतून लखलखीत मोती येतो. खोल असला तर सोलता सोलता हातात चिमूटभर भुकटी उरते. अख्ख्या बहरीनमध्ये ही कला उस्ताद गानिमसारखी कोणाला येत नव्हती. आणि गानिमला चार वर्षांपासून दिसत नव्हतं.

हे फक्त त्याच्या मुलीला, सबिकाला ठाऊक होतं. मोती ठेवून व्यापारी गेला की ती पडद्याआडून यायची आणि सुरी घ्यायची. बाप शेजारी बसून सांगायचा, "बोटांनी बघ, पोरी." नाव त्याचं, हात तिचा. आंधळ्याकडे कोण मोती देणार? बाईकडे तर त्याहून नाही. गुपित फुटलं की बापाची चाळीस वर्षांची अब्रू मातीला मिळणार, ही धास्ती तिला कायम होती.

त्या दिवशी सकाळी व्यापारी शाहीन हाजी आला, कॉफी प्याला, लाल फडक्यातून मोती काढून उस्तादच्या तळहातावर ठेवला, आणि उठेचना.

"उस्ताद, हा माझ्यासमोरच सोला."

"विश्वास उडाला का हाजी?"

"तुमच्यावर आहे हो, माझ्या झोपेवर नाही! साठ मोती जमले, हा एकच अडलाय. घरी जाऊन काय करू, बायकोचं डोकं खाऊ?"

"उद्या या. आज उजेड बरा नाही."

हाजीने खिडकीकडे पाहिलं. बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं. "गरिबाची थट्टा करता?" तो हसला आणि ऐसपैस मांडी घालून बसला.

पडद्यामागे सबिका फटीला डोळा लावून उभी राहिली. बाप नाही म्हणेल, कंबर धरली म्हणेल, काहीतरी सांगेल, असं तिला वाटत होतं. म्हाताऱ्याने सुरी उचलली.

सोलताना कोणी बोलायचं नाही, हा तिथला दंडक. शब्दाने हात दचकतो, आणि हात दचकला की मोती गेला. हाजीने तर खोकलासुद्धा गिळला.

पहिला पापुद्रा निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याबरोबर डाग गेला. खाली गुलाबी झाक असलेला असा पांढरा रंग उमटला, की पडद्याच्या फटीतून पाहताना सबिकाला रडू फुटायला लागलं. असा मोती तिने जन्मात पाहिला नव्हता.

पण उस्ताद थांबला नाही. त्याचा अंगठा मोत्यावर फिरला आणि सुरीनेच केलेल्या एका बारीक ओरखड्यावर अडला. त्याला वाटलं, डाग. रंग काही बोटांना कळत नाही. त्याने तिथेच पातं टेकवलं.

हाजीचा चेहरा उतरला, पण तो गप्प राहिला. एवढा मोठा उस्ताद, त्याला दिसतंय ते आपल्याला कुठून दिसणार! सबिकाने बांगडी वाजवली. म्हाताऱ्याच्या कपाळावर आठी पडली, बस्स. झळाळी आली की त्याखाली मेलेला, निस्तेज थर असतो, हे तिला कित्येक मोत्यांनी शिकवलं होतं. पातं रुतायला लागलं.

"बस्स, बाबा! डाग केव्हाच गेला!"

पातं थांबलं. हाजीने झडप घालून मोती घेतला, उजेडात धरला. शाबूत होता. तो हसला, रडला, आणि मग त्याचं हसू विरलं. त्याने उस्तादच्या डोळ्यांसमोर हात फिरवला.

"किती दिवस झाले?"

"चार वर्षं," सबिका म्हणाली. "तुमच्या साठांतले अकरा मी सोललेत."

हाजीने मोती फडक्यात बांधला. "चांगले सोललेस, पोरी. पण आता मी इथे येऊ शकत नाही. बाजारात मला तोंड दाखवायचंय." तो गेला. दुपारच्या नमाजापर्यंत सगळ्या बाजाराला कळलं होतं.

गानिम सुरी पुसत बसला होता. "फुटायला किती राहिलं होतं?"

"केसभर."

"फुटला असता तरी माझं नाव राहिलं असतं. मोठमोठ्यांच्या हातून मोती फुटतात, कोणी हसत नाही." तो थांबला. "कोणाला वाचवलंस ग? मला की मोत्याला?"

सबिकाला 'तुम्हाला' म्हणायचं होतं. पण ओरडताना बाप तिच्या मनातच नव्हता. फक्त तो रंग होता. ती खाली सांडलेले पापुद्रे वेचायला लागली.

"कळलं," म्हातारा म्हणाला. "तुझ्या जागी मीही त्यालाच वाचवलं असतं. म्हणून तर इतकं लागलं ग."