बसची बॅटरी ग्रामसभेला गेली

मित्रांनो, मी एका इलेक्ट्रिक बसमधून काढलेली जुनी बॅटरी आहे. आकाराने लहान ट्रंकेएवढी, पण उचलायला दोन माणसे लागतात. दिव्याकडे सगळे पाहतात, बॅटरीकडे कोणी पाहत नाही. म्हणून म्हटले, आज आपणच बोलावे.

आम्ही सोळा बहिणी एका बसच्या पोटात शेजारी शेजारी बसायचो. आमची बस म्हैसूरच्या एका कारखान्यातल्या कामगारांना सहा वर्षे आणत-नेत होती. "गाडी किती शांत चालते!" असे कोणी म्हटले की आम्हाला फार बरे वाटे. पुढे चढावर आमचा दम कमी पडू लागला. एके दिवशी आम्हाला काढून नव्या बॅटऱ्या बसवल्या. मी लष्कर मोहल्ल्यातल्या एका वर्कशॉपच्या कोपऱ्यात जाऊन पडले. माझ्यावर टायरांचा ढीग रचला गेला. माझे काम संपले, असे मीही धरून चालले होते.

मग तिथे वेंकोजीराव आले. ते निवृत्त विज्ञानशिक्षक होते. त्यांनी टायर बाजूला केले, मीटर लावला आणि त्यांचे डोळे चमकले.

"नोडु, बघ तर, हिच्यात अजून पुष्कळ जीव आहे!" ते वर्कशॉपवाल्याला म्हणाले.

त्यांनी मला सरस्वतीपुरमच्या घरी नेले. माझ्यासाठी भक्कम पेटी केली आणि शेजारी इन्व्हर्टर जोडला.

त्यांच्या वरच्या मजल्यावर देवश्री भाड्याने राहायची. ती नाशिकहून नोकरीसाठी आलेली इंजिनियर. तिच्या कंपनीला हुणसूर रस्त्यावर, हिनकलच्याही बरेच पुढे, कग्गलकेरे गावात मोठे वीज-साठवण केंद्र उभारायचे होते. कंटेनरएवढ्या चाळीस पेट्या, आणि प्रत्येकीत माझ्यासारख्या शेकडो बॅटऱ्या! दुपारच्या उन्हाची वीज साठवायची आणि संध्याकाळी द्यायची. हे ऐकून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पण देवश्री मात्र गावातून हिरमुसून परतली होती.

"काका, मी चाळीस चित्रं दाखवली. एकानंही प्रश्न विचारला नाही."

"प्रश्न नाही म्हणजे 'नको' ग ते," वेंकोजीराव म्हणाले. "मी अकरा वर्षं त्या गावच्या शाळेत शिकवत होतो, मला ठाऊक आहे. चित्रं बेडा, नकोतच ती. वस्तू ने. ही बॅटरी ने."

अशी मी इन्व्हर्टरसकट मोटारीच्या मागच्या सीटवर बसून, पट्टा बांधून, ग्रामसभेला निघाले.

सभा डेअरीच्या अंगणात होती. देवश्रीने माझी पेटी उघडून दाखवली. ती मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये बोलायची आणि अडली की वेंकोजीराव सांभाळून घ्यायचे. डेअरीच्या अध्यक्ष वरलक्ष्मी पुढेच बसल्या होत्या. त्यांनी गावच्या जुन्या मास्तरांकडे वळून पहिला प्रश्न टाकला, "मेष्ट्रे, या मेडमना विचारा, हिला आग लागते का?"

देवश्रीने क्षणभर माझ्याकडे पाहिले.

"लागू शकते," ती म्हणाली. "म्हणून दोन पेट्यांत अंतर ठेवायचं. धूर कळणारी यंत्रं बसवायची, पाण्याची टाकी बांधायची. आणि गावातल्या माणसांना शिकवायचं. 'कधीच लागणार नाही' असं कोणी म्हणालं, तर त्याला गावात घेऊ नका."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. मग मात्र प्रश्नांची झड लागली. तळ्याच्या पाण्याचे काय? गुरे चरतात त्याच गायरानावर का? वीज आम्हाला, की म्हैसूरला?

"वीज तारेतून सगळीकडे जाईल," देवश्री म्हणाली. "फक्त तुम्हाला मिळेल, असं मी सांगणार नाही."

इतक्यात डेअरीतला पंखा थांबला. वीज गेली होती! पाच वाजत आले होते. दारात सव्वाशे लोक कॅन घेऊन उभे होते, जनरेटर दुरुस्तीला गेलेला आणि टँकर सहाला यायचा. दुधाचे माप आणि फॅट तपासल्याशिवाय टँकर दूध घेत नसे. म्हणजे सगळे दूध घरी परत!

वरलक्ष्मी उठल्या. "मेडम, तुमची पेटी माझी दूध थंड करायची टाकी चालवेल?"

"नाही," देवश्री म्हणाली. "तेवढी ताकद नाही हिच्यात. पण वजनकाटा आणि फॅटचं यंत्र चालवेल."

"मग बघत काय बसलात? उचला!"

चार हातांनी मला आत नेले. वायर जोडली. मित्रांनो, त्या क्षणी मी जीव मुठीत धरून होते! काट्यावर लाल आकडे उजळले आणि अंगणात एकच गलका झाला. कॅनमागून कॅन रिकामे होऊ लागले. देवश्री बाह्या सरसावून रांगेतले नंबर ओरडत होती, चुकीच्या कन्नडमध्ये, आणि बायका हसत हसत तिला दुरुस्त करत होत्या. टँकर आला तेव्हा शेवटचा कॅनही मोजून झाला होता.

लगेच सगळे "हो" म्हणाले असे नाही. पुढे आणखी तीन सभा झाल्या. कंपनीला गायरान सोडावे लागले. सबस्टेशनमागची खडकाळ जमीन ठरली, तळ्यापासून लांब. शिवाय दूध थंड करायच्या टाकीसाठी डेअरीला वेगळी मोठी बॅटरी द्यायची, अशी अट वरलक्ष्मींनी ठरावात लिहून घेतली. देवश्रीने ती कंपनीशी भांडून मान्य करवली. ठरावाला हात वर झाले, तेव्हा वेंकोजीरावांना राहवेना. "आयतु! आयतु! झालं एकदाचं!" म्हणत त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

ती मोठी बॅटरी येईपर्यंत मी डेअरीतच आहे. त्यानंतर माझ्यातले धातू काढून त्यांतून नवी बॅटरी घडवतील, असे देवश्री म्हणते. मला त्याचे भय वाटत नाही.

मित्रांनो, एवढेच मागते. जुनी बॅटरी कचऱ्यात फेकू नका, फोडू नका. ती जाणत्या माणसाच्या हाती द्या. आणि तुमच्या गावात काही नवे आले, तर त्याला भिऊन दार लावू नका आणि भुलून दार सताड उघडूही नका. वरलक्ष्मींसारखे समोर बसा आणि अवघड प्रश्न आधी विचारा. खरे उत्तर द्यायला आम्हालाही आवडते.