दुसरा श्वास

नळीवरचं रबरी बूच जेमतेम अर्धा मिनिट सैल होतं. तेवढ्यात श्यामकांत पेंडसेनं दोनदा श्वास घेतला. पहिला नकळत. दुसरा मुद्दाम, कारण वास ओल्या कडब्याचा होता, सांगलीच्या गोठ्यातला, आणि १९५८ च्या मार्चात या जर्मन प्रयोगशाळेत तो त्याला दोन वर्षांनी भेटत होता. फॉस्जीन या विषारी वायूला कुजक्या गवताचा वास येतो, हे त्यानं वाचलेलं होतं. पण पुस्तकातलं गवत म्हणजे घरचाच कडबा, हे डोक्यात शिरलं ते दुसरा श्वास आत गेल्यावर.

त्यानं बूच बसवलं, खिडक्या उघडल्या आणि क्र्यूगरला गाठलं. क्र्यूगर बासष्ट वर्षांचा लाबोरांट, म्हणजे प्रयोगशाळेतला मदतनीस, तिथली नळी न् नळी ओळखणारा. त्यानं श्यामकांतला कॉरिडॉरमधल्या बाकावर आडवं केलं, अंगावर कोट टाकला आणि हलायचं नाही म्हणून बजावलं. सकाळचे दहा वाजले होते.

श्यामकांतला काहीच होत नव्हतं. खोकला नाही, जळजळ नाही. शेजारच्या खोलीतून श्रीरंग डोकावला. तोही पीएचडीसाठी आलेला, पुण्याचा.

"काय रे, नवरदेवासारखा लोळतोयस? ऊठ, कॉफी मारून येऊ."

श्यामकांत कोपरावर उठू लागला, तशी क्र्यूगरनं छातीवर पंजा ठेवून त्याला खाली दाबलं. श्रीरंगला अँब्युलन्स बोलवायला पिटाळलं आणि स्टूल ओढून शेजारी बसला. हा वायू लगेच मारत नाही, त्यानं सांगितलं. तासभर, कधी सहा तासही माणूस ठणठणीत असतो. धावला, जिना चढला-उतरला, की फुप्फुसांत पाणी भरतं. निजून राहिला तर बऱ्याचदा वाचतो.

हे इतकं नेमकं कसं माहीत, असं श्यामकांतनं विचारलं.

१९१६ साली क्र्यूगर खंदकात वायूच्या सिलिंडरांवर होता. वारा बघायचा, झडप फिरवायची. तोफगोळा माणसाला फाडतो, वायू नुसता निजवतो, म्हणजे हे शस्त्र दयाळू, असं त्यांचा अधिकारी सांगायचा. पहिल्या हल्ल्यानंतर शत्रूचे चौदा जण हाती लागले. हिंडते-फिरते होते, सिगारेटी मागत होते. त्यांना जखमींची स्ट्रेचर उचलायला लावली. संध्याकाळपर्यंत अकरा जण गुदमरून मेले.

"तुम्हाला माहीत नव्हतं," श्यामकांत घाईनं म्हणाला.

"पहिल्यांदा नव्हतं, पेंडसे." पंजा अजून छातीवरच होता. "पुढच्या महिन्यात आणखी नऊ सापडले. तेव्हा माहीत होतं. जखमी तेव्हाही न्यायचे होतेच."

तो हात झटकून पळावं, असं श्यामकांतला वाटलं. पण नेमकं पळायचंच नव्हतं. घसा खवखवतोय की नुसती भीती आहे, तेही कळेना.

अकराच्या सुमारास अँब्युलन्सचे दोघे तरुण तिसऱ्या मजल्यावर आले. एकानं नाडी पाहिली, ओठांचा रंग पाहिला आणि हसून म्हणाला, हा तर आमच्यापेक्षा तंदुरुस्त आहे. जिना अरुंद, वळणावर स्ट्रेचर अडतं, तेव्हा चालतच उतरलेलं बरं. श्रीरंगनं हात पुढे केला.

"चल बाबा, तमाशा नको. म्हातारा उगाच घाबरवतोय."

 क्र्यूगरनं छातीवरचा हात काढून घेतला.

श्यामकांतनं तिन्ही हसऱ्या चेहऱ्यांकडे पाहिलं. त्यांतल्या कुणी या वायूनं मेलेला माणूस पाहिलेला नव्हता. तो तसाच पडून राहिला.

"मी चालणार नाही," तो जर्मनमध्ये म्हणाला. "डोक्याकडून क्र्यूगरसाहेब धरतील."

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याला पहिला खोकला आला. रुमालावर गुलाबी फेस होता. पुढून स्ट्रेचर धरणाऱ्या तरुणानं तो पाहिला आणि पावलं जपून टाकू लागला.