तिच्या टाचांखाली

“सव्वीस वर्षं झाली, पण या खोक्याला यायचं ते माझ्याच पायात!” काल तालमीआधी पियानोवाले काका अंगठा चोळत पुटपुटले. खोलीत ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. होतो तो मीच.

मित्रांनो, मी खोकं नाही. मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. वीतभर उंच, दोन पावलं मावतील एवढा, आणि आतून पोकळ. खोकं म्हणतात ते अंगठा ठेचल्यावर.

माझा जन्म ऑपेराच्या नाट्यगृहामागे, सुताराच्या खोलीत झाला. ऑपेरा म्हणजे असं नाटक, ज्यात माणसं भांडतात, रुसतात, मरतातसुद्धा गातगात. नेपथ्यातल्या राजवाड्याच्या सज्ज्यातली एक फळी उरली होती. त्या वेळी नायिकेचं काम एका नव्या गायिकेला मिळालं होतं. आवाज आभाळाएवढा, उंची मात्र नायकाच्या कोपरापर्यंत. “त्याच्या डोळ्यांत बघून गा म्हणतात हो,” ती सुताराला म्हणाली, “मला तर त्याची बटणंच दिसतात!” सुतार हसला. त्यानं फळी कापली, कडा घासल्या, पाऊल वाजू नये म्हणून वर जाड कापड ठोकलं. असा मी झालो.

तिच्या घोळदार झग्याखाली मी लपून असायचो. प्रेक्षकांना मी कधी दिसलो नाही. मलाही तिचा चेहरा दिसत नसे. ती मला तळपायांतून कळायची. उंच सूर यायच्या आधी तिच्या टाचा अलगद उचलल्या जात. आधी टाचा, मग श्वास, मग सूर. तो सूर तिच्या बोटांतून माझ्या फळ्यांत उतरे आणि माझी पोकळी घुमू लागे. टाळ्या पडत तेव्हा वाटे, त्यातली एखादी माझीही असेल.

अशी सहा वर्षं गेली. मग तिला मुलगी झाली. नाटक मंडळी आठ-आठ महिने दौऱ्यावर, आणि मांडीवर तान्हं मूल. तिनं विद्यापीठातली नोकरी धरली, मुलामुलींचा गानवृंद चालवण्याची. “एकच वर्ष हं,” ती सुताराला म्हणाली, “ही चालायला लागली की आलेच मी.” सुतारानं मला तिच्या हातात दिलं. मुलगी चालायला लागली, धावायला लागली, नोकरीसाठी दूरच्या गावी निघूनही गेली. ते एक वर्ष काही संपलं नाही.

इथं झगा नव्हता, त्यामुळे मी सगळ्यांना दिसू लागलो. समोर दुमडायच्या खुर्च्यांवर पन्नास पोरं. कुणी रसायनशास्त्राचं, कुणी कायद्याचं. मॅडम माझ्यावर उभ्या राहिल्या की कुजबूज थांबे. दरवर्षी निरोप घेणारी पोरं मला उलटं करून माझ्या पोटाशी पेन्सिलीनं नावं लिहीत. मित्रांनो, एवढं कौतुक एका ठोकळ्याला पुष्कळ झालं.

गानवृंद चालवणाऱ्यानं हात हलवायचे, गायचं नाही. गाणाऱ्याला दुसऱ्याचं गाणं नीट ऐकू येत नाही. हा नियम ती पहिल्याच दिवशी सांगे. पण तालमीत उंच पट्टीतल्या मुलींची ती वरची ओळ आली की माझ्यावरच्या टाचा उचलल्या जात. आणि ती गाऊ लागे. चांगली मोकळ्या गळ्यानं! तिला त्याचा पत्ताही नसे. मुली त्या आवाजावर खुशाल रेलून बसत. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र ती ओठ घट्ट मिटून घेई, आणि नेमकी तीच ओळ धपकन खाली बसे. दरवर्षी. मग ती म्हणे, पडदे जाड होते, मुली उपाशी होत्या, हवा कोरडी होती.

खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मुली आपसात कुजबुजत.

“तू सांग ना मॅडमना.”

“मी? मला काय कंठ फुटलाय जास्तीचा? काकांना सांगू दे.”

काका पियानोचं झाकण पुसायला लागत. ते आधीच लखलखीत असे.

आता माझ्यावरचं कापड विरलं आहे, एक खिळा सैल झाला आहे. सामानाची यादी करणाऱ्यानं माझ्यावर ‘टाकाऊ’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे. माझी गायिकाही या महिन्यात निवृत्त होते आहे. मित्रांनो, जुन्या लाकडाला ओल लागू देऊ नका, सैल खिळा वेळीच ठोका, एवढं सांगून मी थांबणार होतो. पण कालची तालीम सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

उद्या तिचा शेवटचा कार्यक्रम. “मुलींनो, ही ओळ पडली तर मी तुम्हाला ओळखत नाही,” ती म्हणाली. मुली हसल्या. पियानो सुरू झाला. वरची ओळ आली. माझ्यावरच्या टाचा उचलल्या गेल्या.

आणि काकांनी हात थांबवले. मुली गोंधळून गप्प झाल्या. खोलीत एकच आवाज उरला. थोडा खरखरीत, कडेला थोडा फाटलेला, तरी आभाळाएवढा. कितीतरी वर्षांनी मी पुन्हा पुरता घुमलो.

मग तिनं स्वतःला ऐकलं. टाचा हळूहळू खाली आल्या.

“का थांबलात?” तिनं विचारलं.

“मुली चुकत नाहीत, बाई. सव्वीस वर्षं त्यांची ती ओळ तुम्हीच गाताय.”

“मी?” तिचं सगळं वजन टाचांवर आलं, ते मलाच कळलं. “आणि इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नाही? तुम्हीसुद्धा नाही?”

काकांनी झाकणाकडे हात नेला, पण पुसलं नाही.

“सांगितलं असतं बाई, तर तुम्ही गायलं असतं कुठे?”