चालीवर बसवलेले प्रश्न

सरका बरं अंमळ जवळ. तुम्हीसुद्धा, दाराशी टेकून उभे राहिलेले! आज जिची गोष्ट सांगायची आहे ती बाई तुम्हाला हसवील, आणि हसता हसता एका जागी तुमचा श्वास अडकवील. पण जीव मुठीत धरून बसू नका. शेवटी सगळी जणं धडधाकट आहेत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, आमच्या टॅलो क्रीक गावात लुवेनिया ग्रब्ज राहते. वय एकावन्न, अंगाने भरलेली, हसली की आधी खांदे हसतात आणि मग तोंड. काम एकच, लोकांची मुलं सांभाळायची. बावीस वर्षं तेच केलं. कितीही किरकिरं पोर तिच्या खांद्यावर टाका, पाचव्या मिनिटाला ते लाळ गाळत झोपलेलं असणार.

अशा हुशार बाईला एक प्रश्न मात्र कधी विचारता आला नाही. "तुमच्या घरात बंदूक आहे का, आणि ती कुठे असते?" आमच्याकडे हे विचारणं म्हणजे पहिल्याच भेटीत यजमानिणीला तिचं वजन विचारण्यासारखं. बंदूक बहुतेक घरात असते आणि तिच्याबद्दल पाहुणा अवाक्षर काढत नाही, अशी रीत.

मग गेल्या उन्हाळ्यात काय झालं, एका घरी ती धुतलेले टॉवेल ठेवायला गेली, कपाट उघडलं, आणि टॉवेलांच्या घडीत पिस्तूल. भरलेलं की रिकामं, देव जाणे! लुवेनियाची पाचावर धारण बसली. तिने दोन वर्षांच्या पोराला काखोटीला मारलं, न्हाणीघरात शिरून कडी लावली, आणि कोरड्या टबात त्याला मांडीवर घेऊन आईबाप येईपर्यंत येतील तेवढी भजनं म्हटली. तीन तास! पोर एवढं खूश की आईबाप आल्यावरही तिला हाताला धरून पुन्हा टबाकडे ओढत होतं.

त्या दिवशी तिने कानाला खडा लावला. यापुढे विचारल्याशिवाय कुणाच्या पोराला हात लावायचा नाही.

खडा लावणं सोपं हो. पहिल्या घरी ती बोलायला गेली ती त त प प करत शेवटी कुत्र्याचं नाव विचारून परत आली. दुसऱ्या घरी डोळे मिटून एका दमात म्हणाली, "तुम्ही बंदुका कुठे लपवता आणि घरी कोण कधी नसतं?" त्यांनी तिला गाडीपर्यंत पोचवलं आणि गाडीचा नंबरही लिहून घेतला.

मग आला रविवार. आमच्या टेकडीवरच्या चर्चमध्ये रेव्हरंड पर्किस प्रवचन करतात. सुरुवातीला साधं बोलणं असतं. मग शब्द लांबायला लागतात, दर ओळीच्या शेवटी श्वास ठोका देतो, खालून ऑर्गनचे सूर हळूच येऊन मिळतात आणि प्रवचनाचं कधी गाणं झालं ते कळतही नाही. सगळं सभागृह उठून साद देतं. त्या रविवारी विषय होता चहाडखोर जीभ. गावातली पट्टीची चहाडखोर बाई पहिल्याच बाकावर होती, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या तिच्याच! लुवेनिया बघतच राहिली. जे तोंडावर म्हटलं तर हाडवैर व्हावं, ते चालीवर म्हटलं की माणूस वर "आमेन" म्हणतं. घरी जाऊन तिने भांडी घासता घासता आपले सगळे प्रश्न त्या चालीवर बसवले.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी दुपारी ती हॉब्जांच्या घरी मुलाखतीला गेली. डेल हॉब्ज लाकडाच्या वखारीत कामाला, बायको मेरिबेथ इस्पितळात नर्स. सोमवारपासून मेरिबेथला कामावर हजर व्हायचं होतं. सोफ्यावर डेलची आई आयमोजीन, चौऱ्याहत्तर वर्षांची, पाचही बोटांत अंगठ्या. तिला सगळे मीमॉ, म्हणजे आजी, म्हणतात, टपालवालासुद्धा. आणि डेल-मेरिबेथची लेक बर्डी. साडेतीन वर्षांची, एका पायात पावसाळी बूट, दुसरा पाय अनवाणी. ती आली, लुवेनियाच्या मांडीवर चढली आणि तिच्या कानातल्या डुलांशी गप्पा मारायला लागली.

'देवा,' लुवेनिया मनात म्हणाली, 'या पोरीला नाही म्हणायची वेळ माझ्यावर आणू नकोस रे.'

"आमचं काही विचारायचं राहिलं नाही, मिस लुवेनिया," मेरिबेथ म्हणाली. "सोमवारी याल ना?"

"मला विचारायचंय, बाई." लुवेनियाने बर्फाच्या चहाचा एक मोठा घोट घेतला. "पण सरळ बोलायला गेलं की माझी बोबडी वळते. चालीवर येतं. हसलात तरी चालेल. उत्तरं तेवढी द्या."

डेलने बायकोकडे पाहिलं. बायकोने मीमॉकडे. मीमॉने अंगठ्यांचे हात सावरून घेतले. "म्हण बाई, म्हण. या घरात बऱ्याच दिवसांत चांगलं प्रवचन झालेलं नाही."

लुवेनियाने डोळे मिटले.

"या घराऽत... हत्यार आहे काऽ?"

डेल लहानपणी चर्चच्या गायनवृंदात उभा राहिलेला. त्याच्या तोंडून आपसूक सूर निघाला. "आऽहे!"

"किती आहेऽत?"

"दोन रायफली, एक पिस्तूल!" आता त्याचे हात टेबलावर ठेका धरायला लागले.

"उघड्यावर की कुलपाऽत?"

"कुलपाऽत! पोलादी तिजोरीऽत!"

"बोल बाई, बोल!" मीमॉने टाळी दिली.

"भरलेली की रिकामीऽ?"

"रिकामी!"

"काडतुसं कुठे निजतातऽ?"

"गॅरेजातऽ! वरच्या फळीवर! वेगळ्या पेटीऽत!"

"पेटीला कुलूऽप?"

ठेका थांबला. "लावतो," डेल म्हणाला.

"कधीऽ?"

"आज."

"देवा, माझ्या लेकाला अक्कल देऽ!" मीमॉ उभी राहून गायली. मेरिबेथ हसून हसून उशीत तोंड खुपसून बसली होती.

"तिजोरीचा आकडा ठाऊक कुणाला?"

"मला आणि हिलाऽ! तिसऱ्या जिवाला नाऽही!"

तेवढ्यात लुवेनियाच्या मांडीवरून एक बारीक, सुरेल आवाज आला. "चाऽर साऽत, तीन एक, उघड दारा उघऽड!"

डेल कानापर्यंत लाल. "हे हिला कुणी शिकवलं?"

"तूच, दुसरं कोण!" मेरिबेथने उशी फेकून मारली. "हरणांच्या शिकारीचे दिवस आले की रोज पहाटे गातोस तिथे उभा राहून!"

"आकडा बदलतो. आत्ता बदलतो."

"आणि मनातल्या मनात घाल रे, गाढवा," मीमॉ म्हणाली. लुवेनियाचे खांदे गदगदत होते. तिला वाटलं, झालं, आता एकच प्रश्न, की सोमवारी ही पोरगी आपली.

"आणि जे येती-जातीऽ, पाहुणेरावळेऽ, त्यांच्या खिशाऽत, गाडीऽत, पर्समध्येऽ?"

सगळे मीमॉच्या टाळीची वाट पाहत राहिले. टाळी आली नाही. मीमॉ खाली बसली होती, आणि तिची तपकिरी कातडी पर्स तिने मांडीवर ओढून घेतली होती.

"मीमॉ?" डेल म्हणाला.

"बाईमाणसाच्या पर्समध्ये काय आहे हे तिचा नवरासुद्धा विचारत नाही. तुझ्या बापाने चाळीस वर्षांत विचारलं नाही."

"पण आई, तू ते..."

"मी एकटी गाडी चालवते. संध्याकाळची, जंगलातल्या रस्त्याने. ते लागतं मला. आणि ते आतल्या कप्प्यात असतं, चेन लावून."

प्रवचन थांबलेलं पाहून बर्डीला कंटाळा आला. ती मांडीवरून उतरली, बूट फटफटवत मीमॉकडे गेली, "पेपरमिंट!" म्हणाली, आणि नेहमीसारखा पर्समध्ये कोपरापर्यंत हात घातला. नेहमीसारखाच हो. 'जा बर्डी, मीमॉच्या पर्समधून घे तुझं पेपरमिंट', असं तिला घरातल्या प्रत्येकाने सांगितलेलं. मीमॉ आली की पेपरमिंट घ्यायचं, ते आपल्या हाताने घ्यायचं, हा त्या दोघींचा लाड.

"बर्डी," लुवेनिया म्हणाली, "हात बाहेर काढ, बाळा."

यात चाल नव्हती. तिची बोबडीही वळली नाही. बर्डीने हात बाहेर काढला.

"मीमॉ, ती चेन लावलेली आहे का, तेवढं दाखवा."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"तुम्ही खरं बोलता. चेनचं मला माहीत नाही." लुवेनिया उठली, आपली टोपी घेतली. "नसेल दाखवायची तर मी येते. राग नाही, काही नाही. पण मला इथे राहता यायचं नाही."

बर्डीने तिच्या पायाला मिठी मारली. मेरिबेथचं हसू कधीच विरलं होतं. "सोमवारी मला जायचंय, मीमॉ," ती हळूच म्हणाली. डेल आईकडे बघत होता, आणि आईला काही सांगायची त्याची छाती होत नव्हती. लुवेनिया पायाला लोंबणाऱ्या पोरीसकट दाराकडे निघाली. एक पाऊल, दुसरं पाऊल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण ती थांबली नाही.

"अगं ये इकडे, हट्टी बाई!" मीमॉ ओरडली, आणि तिने पर्स टेबलावर उलटी केली.

काय काय पडलं म्हणता! कागदी रुमालांचा ढीग, दोन चष्मे, तिखट सॉसची बाटली, रुमालात गुंडाळलेला मक्याच्या पावाचा तुकडा, चर्चमधला पुठ्ठ्याचा पंखा, दातांची एक जादा कवळी, पेपरमिंटांचा पाऊस, आणि सगळ्यांत शेवटी धप्पकन ते छोटं पिस्तूल. चेन उघडी होती. आणि पिस्तुलाच्या मुठीला अर्धवट चोखलेलं, लाल-पांढरं पेपरमिंट घट्ट चिकटलेलं.

डेलने पिस्तूल उचललं, नळी भिंतीकडे वळवली आणि काडतुसं काढली. पाच होती.

"ते माझं!" बर्डी पेपरमिंटाकडे बोट दाखवून म्हणाली. "अर्धं मी मीमॉसाठी ठेवलं होतं. आत. सुरक्षित."

मीमॉचा चेहरा असा झाला की लुवेनियाने टोपी टाकून तिचे दोन्ही हात धरले. मग मीमॉने नाक शिंकरलं, तेही चांगलं दणक्यात.

"डेल, तो नवा आकडा टाक. आणि गायलास तर बघ!"

पुढे मीमॉ, मागे पिस्तूल धरलेला डेल, मागे मेरिबेथ, मागे लुवेनियाच्या कडेवर बर्डी, अशी मिरवणूक तिजोरीपाशी गेली. डेल पेपरमिंट खरवडायला लागला.

"राहू दे, त्याच्यासकट ठेव!" मीमॉ म्हणाली. "मला रोज दिसू दे ते." मग लुवेनियाकडे वळून, "रस्त्यावर मात्र ते माझ्याबरोबर असेल हं."

"रस्त्यावर तुम्ही आणि तुमचा देव, मीमॉ. दारात आलात की आधी तिजोरी, मग नातीचा मुका."

"आणि पेपरमिंट?"

"बरणीत. बरणी ओट्यावर."

"बरं." मीमॉला हायसं वाटलं. तेवढ्यात लुवेनिया म्हणाली, "अजून एक राहिलं. शनिवारी बर्डी तुमच्याकडे राहायला येते ना? तिथे काय?"

"अगं, तुला प्रश्न संपतच नाहीत का?" मीमॉ भिंतीला टेकली. "तिथे एक आहे. पलंगाच्या खणात. पण हे बघ, तू चालीवर विचार. सरळ विचारलंस की माझ्या अंगावर काटा येतो."

मग लुवेनियाने ते चालीवर विचारलं, मीमॉने चालीवर कबूल केलं, डेलने तिजोरीच्या दारावर ठेका धरला आणि बर्डी एका बुटावर नाचली. शुक्रवारी डेलने आईच्या घरी लहानशी तिजोरी भिंतीत बसवली. सोमवारी सकाळी सात वाजता लुवेनिया कामावर हजर होती.

लुवेनियाचं नाव तुम्ही विसरणार नाही, त्याची मला काळजी नाही. तुम्हाला विनंती आहे ती म्हातारीसाठी. कधी प्रार्थनेला बसलात, आपल्या माणसांची नावं घेऊन झाली, की अजून एक नाव घ्या. आयमोजीन हॉब्ज, वय चौऱ्याहत्तर. घरच्यांसमोर आणि परक्या बाईसमोर तिने आपली पर्स टेबलावर उलटी केली. तिची आठवण असू द्या.